कशापासून?

अंबाजी ठाकूरशी बोलताना उगाच आकडा तोंडातून काढायचा नाही, हे मी खारबोरीच्या शाळेत बदलून आलो त्याच दिवशी शिकलो. एसटीतून उतरलो, तर समोर हा खांद्यावर कुदळ घेऊन उभा. विचारलं, "शाळा किती लांब आहे हो?" तर म्हणे, "कशापासून?" मी म्हटलं, "अहो, इथून." म्हणे, "इथून धा मिन्टं. पर बांधावर चिखल हाय नि तुमी बूट घातलेत. तवा अर्धा तास धरा." मला राग आला. मी गणिताचा मास्तर, श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीतला, आणि हा कोण मला हिशेब शिकवणारा? अर्धा तासच लागला.

त्याला आता चाळीस वर्षं होतील. मी निवृत्त होऊनही सहा वर्षं झाली. श्रीवर्धनला परत गेलो नाही, इथेच घर बांधलं आणि खाडीच्या बांधाला लागून सहा गुंठ्यांचा भाताचा तुकडा घेतला. अंबाजी अडुसष्टचा आहे. त्याचा तो एक शब्द या सगळ्या वर्षांत बदलला नाही. आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण म्हणाली, "काका, साखर वाढलीय." याचं ठरलेलं, "कशापासून? जेवलो त्याच्या आदीची का नंतरची?" ती त्याला उपाशीपोटी यायला सांगायचं विसरली होती, म्हणून पुन्हा तपासणी. पुतण्याच्या सोयरिकीत मुलीचे मामा म्हणाले, "आमची भाची चांगली उंच आहे." हा मामांना डोक्यापासून पायापर्यंत बघत राहिला. मामा जेमतेम पावणेपाच फूट होते. सोयरीक मोडता मोडता वाचली.

माझीही त्याने एकदा जिरवली. शाळेच्या भिंतीवर मी तेलरंगाने फूट-इंचांच्या रेघा मारल्या होत्या आणि दर सहा महिन्यांनी मुलांची उंची वहीत लिहायचो. एका दिवाळीच्या सुट्टीत वर्गात लाद्या बसवल्या. सुट्टी संपल्यावर मी उंच्या लिहिल्या, आणि अंबाजी प्रगतिपुस्तक घेऊन शाळेत हजर. त्याची मृणाली तिसरीत होती. "गुरुजी, पोरगी पंधरा दीस चकल्या खात होती. नि दीड इंच कमी कशी झाली?" मी म्हटलं, रेघा बरोबर आहेत, मी स्वतः मोजून मारल्यात. तो म्हणाला, "रेघा बरोबरच हायेत. तुमची जमीन वर आली." एकोणचाळीस मुलांच्या नोंदी मला खोडून पुन्हा लिहाव्या लागल्या, आणि तो आठवडाभर गावात ही गोष्ट सांगत हिंडला.

ती मृणाली आता अलिबागच्या कॉलेजात भूगोल शिकवते. रविवारी येते. एकदा ओटीवर बसून ती बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही जे विचारता ना, त्याला आमच्याकडे सापेक्ष आणि निरपेक्ष म्हणतात. टेकडी पायथ्यापासून किती, ती सापेक्ष उंची. समुद्रसपाटीपासून किती, ती निरपेक्ष." मग तिला हुरूप आला. म्हणाली, पदार्थविज्ञानवाले सांगतात, गाडीत बसलेला माणूस गाडीच्या मानाने जागच्या जागी असतो आणि रस्त्याच्या मानाने पळत असतो. अर्थशास्त्रवाले सांगतात, पोटाला किती लागतं यावरून मोजलेली गरिबी वेगळी आणि शेजाऱ्याच्या घराकडे बघून मोजलेली वेगळी. गाणारे तर सा कुठेही धरतात आणि बाकीचे सूर त्याच्यापासून लावतात. अंबाजीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमच्या कालेजात सगले येकच इचारतात," तो म्हणाला, "येगयेगल्या वर्गात बसून."

"तसंच काहीसं. आणि गंमत म्हणजे, समुद्रसपाटीसुद्धा कुणीतरी ठरवलेलीच असते. वर्षानुवर्षं पाणी मोजून काढलेली सरासरी."

"मंग ती निरपेक्ष कशी?"

मृणाली हसली, म्हणाली, "हे मला परीक्षेत कुणी विचारलं नाही, बाबा." अंबाजी पुढचे चार दिवस फार खुशीत होता.

आता हा शब्द त्याला कुठून चिकटला ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमचं गाव खाडीपेक्षा खाली आहे. भात पिकतं ती सगळी जमीन भरतीच्या पाण्याखाली जाईल इतकी सखल. मधे मातीचा बांध आहे म्हणून आम्ही आहोत. पावसाचं पाणी बाहेर जायला बांधात एक उघाडी आहे, म्हणजे दोन दगडी खांबांमधला लाकडी दरवाजा. भरती आली की पाण्याच्या रेट्याने तो मिटतो, ओहोटीला उघडतो. या सगळ्याची देखभाल करते जोळ. ज्यांची ज्यांची जमीन बांधाच्या आत, त्या सगळ्यांची मिळून जोळ, आणि बांधावर माती टाकायचे दिवस ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानाने वाटलेले. आमच्या जोळीत त्रेसष्ट खातेदार आहेत. जोळीची एक काठी असते, सागाची, हात-वीत-बोटांच्या खाचा पाडलेली. बांध किती उंच ठेवायचा ते ती काठी सांगते, आणि ज्याच्या शब्दावर गाव निर्धास्त झोपतं त्याच्याकडे ती असते. आधी ती अंबाजीचा बाप धर्माजी याच्याकडे होती.

मी येण्याच्या काही वर्षं आधी मोठं उधाण आलं होतं. पाणी बांधावरून गेलं, भात गेलं, विहिरी दोन वर्षं खाऱ्या राहिल्या. त्या दिवशी पाणी जिथवर चढलं तिथे धर्माजीने उघाडीच्या दगडी खांबावर टाकीने खूण कोरली आणि जोळीला नियम घालून दिला: या खुणेपासून दीड हात वर बांधाचा माथा, कायमचा. दुसऱ्या वर्षी बांध नव्याने घातला. अंबाजी तेव्हा तेविशीतला. त्याच्या वाट्याचा तुकडा त्याने सगळ्यांच्या आधी पुरा केला आणि बापाला येऊन सांगितलं, चार हात झाला. त्याने मोजलं होतं पायथ्याच्या ओल्या चिखलापासून. पावसात तो चिखल बसला, बांधही बसला आणि त्याच तुकड्याला खांड पडून खाडीचं पाणी आत आलं. अकरा घरांचं भात खारं झालं. धर्माजीने पोराला सगळ्या गावासमोर उभं करून विचारलं, "चार हात, कशापासून?" अंबाजी सांगतो, बापाने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून तो मातीपासून काही मोजत नाही, दगडापासूनच मोजतो. धर्माजी गेल्यावर काठी त्याच्याकडे आली ती यामुळेच. एकदा चुकलेला माणूस पुन्हा तीच चूक करणार नाही, असा गावाचा हिशेब होता.

गेल्या माघात सरकारी योजनेतून बांध मंजूर झाला. उताराला दगडांचं पिचिंग, काँक्रीटची उघाडी, लोखंडी दरवाजे. सुजित नावाचा तिशीतला इंजिनिअर नकाशा घेऊन आला. देवळापुढे जोळ बसली. सुजित म्हणाला, माथा समुद्रसपाटीपासून तीन मीटर साठ राहील. हिशेब केला तर तो आताच्या बांधापेक्षा जवळजवळ हातभर उंच होत होता. उंची वाढली की पाया रुंदावतो. बाहेर तिवरांचं जंगल, त्याला हात लावायचा नाही, म्हणजे सगळी रुंदी आतल्या बाजूने. बांधाकाठच्या प्रत्येकाच्या शेतातून सहा हात पट्टा जाणार.

लोक भडकले. माझाही तुकडा बांधाला लागूनच, मी काही गप्प बसलो नाही. पण सगळ्यात वाईट वेळ होती सत्यवतीवर. ती विधवा, साठीची. तिचं शेत म्हणजे बांधाला समांतर एक चिंचोळी पट्टी, वीस हात रुंद. त्यातून सहा गेले की उरलं काय? ती सरळ अंबाजीकडे बघून म्हणाली, "दादा, तू सांग. लागतो का इतका उंच बांध?"

अंबाजी उठला. "साहेब, तीन मीटर साठ, कशापासून?"

"समुद्रसपाटीपासून."

"कंच्या समुद्राच्या? भरतीच्या का ओहोटीच्या?"

"सरासरी, काका."

"सरासरी समुद्र कुनी बघितलाय? आमच्याकडं त्यो रोज दोनदा येतो नि दोनदा जातो. उभा कंदी ऱ्हात न्हाय." सगळे खो-खो हसले, मी तर जास्तच. मग त्याने काठी टेकून सांगितलं, मोठं उधाण आलं ते खुणेपर्यंत. आता वर्षातून दोन-तीनदा पाणी खुणेला शिवतं, पण चार बोटांच्या वर कधी गेलेलं नाही. खुणेच्या वर आपला दीड हात शाबूत आहे. एवढा बांध पुरतो. झालं, जोळीने ठरवलं, रविवारी पुन्हा बसायचं आणि नकाराचं पत्र सह्या करून द्यायचं.

सुजितचा चेहरा पडला होता, पण पोरगं चिवट. दुसऱ्या दिवशी तिपाईवर यंत्र लावून तो उघाडीपाशी आला. मीही बघायला गेलो होतो, खरं म्हणजे त्याची आणखी थोडी फजिती बघायला. त्याने यंत्रातून खूण पाहिली, वहीत लिहिलं, पुन्हा पाहिली. मग अदबीने म्हणाला, "काका, एक विचारू? ही खूण कशापासून?"

अंबाजी म्हणाला, "बापाने मारलीय. मोठ्या उधाणाच्या पान्यावर."

"ते खरं. पण तेव्हापासून ती दगडावर आहे. दगड कशावर उभा आहे?"

"खाली सागाच्या फल्या."

"आणि फळ्या?"

अंबाजीने खांबाच्या बुडाकडे पाहिलं. फळ्या चिखलावर होत्या, हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाही माहीत होतं. सुजित म्हणाला, "माझ्या हिशेबाने ही खूण फार खाली येते. इतक्या खाली मोठं उधाण थांबलं असेल असं मला वाटत नाही. पण माझं यंत्र तुम्हाला पटत नाही, तर तुमच्या पद्धतीने बघा." आणि तो सामान आवरून निघून गेला. अंबाजी त्या दिवशी जेवायला घरी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळेला तो माझ्या दारात. हातात गवंड्याची पाण्याची नळी, चाळीस हात लांब. ही नळी साधी असते. पारदर्शक, पाण्याने भरलेली, एक टोक इथे धरा, दुसरं कुठेही न्या, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीवर राहतं. म्हणाला, "गुरुजी, देवलात चला. दुसरं टोक धराया मानूस पायजे."

आमच्या बांधाचं एक टोक टेकडीच्या खडकाला भिडतं, तिथे गावदेवी आहे. देवळाच्या पायऱ्या खडकातच खोदलेल्या, थेट खाडीत उतरणाऱ्या. नारळी पौर्णिमेला गाव नारळ ठेवतं तो वरून चौथ्या पायरीवर. पाचवीवर नाही, तिसरीवर नाही. आताच्या मुलांना वाटतं देवीची तशी आज्ञा आहे. म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, मोठ्या उधाणाचं पाणी त्या पायरीच्या काठावर येऊन थांबलं होतं. म्हणजे एकाच पाण्याच्या दोन खुणा गावात होत्या, एक खांबावर, एक पायरीवर. एकीपासून आम्ही मोजत होतो, दुसरीला हात जोडत होतो. दोन्ही ताडून बघाव्यात हे पंचेचाळीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. उधाणाच्या दिवशी अंबाजी उघाडीवर असायचा, तेव्हा देवळाच्या पायऱ्यांकडे बघायला तो जाणार कसा?

देवळापासून उघाडी तीनशे हात. चौथ्या पायरीच्या काठापासून आम्ही नळी लावत, खुंट्या मारत, पुढे सरकत गेलो. आठव्या खुंटीला उघाडी आली. मी मागच्या खुंटीपाशी टोक धरून उभा, अंबाजीने पुढचं टोक खांबाला लावलं. नळीतलं पाणी खुणेवर थांबलं नाही. खुणेच्या पाऊण हात वर थांबलं.

"नळीत बुडबुडा असेल," मी म्हटलं. बुडबुडा नव्हता, मला स्वच्छ दिसत होतं. आम्ही टोकं बदलून उघाडीकडून देवळाकडे पुन्हा मोजत आलो. पुन्हा पाऊण हात. पायरी खडकातली, ती हलणार नाही. हलला होता खांब. वर्षाला दोन-तीन धागे, म्हणजे पाव इंचाच्या आसपास, असा तो चिखलात खाली गेला होता, आणि सरळ गेला होता म्हणून कुणाला कळलं नाही. कलला असता तर पोरांनाही दिसलं असतं. त्याच्यावरून मोजून मोजून आम्ही बांधही तेवढाच खाली ठेवत आलो होतो. पाणी खुणेला शिवतं ते दर वर्षीचं मोठं पाणी. धर्माजीने पाहिलेलं उधाण परत आलंच, तर ते खुणेच्या पाऊण हात वर येणार, आणि उरलेला पाऊण हात लाटांना पुरणार नाही.

अंबाजी पायरीवर बसला आणि रडला. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "बाच्या नावावर खोटं सांगत आलो मी. कंदीपासून ते बी ठावं न्हाय."

आता माझी गोष्ट सांगतो, लपवत नाही. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर माझे सहा गुंठे. मी म्हटलं, "अंबाजी, राहू दे. आपण दोघांनीच पाहिलंय. इतकी वर्षं काही झालं नाही ना?"

त्याने डोळे पुसले. "काय झालं न्हाय, ते बांध पुरला म्हनून, का तसं पानी आलंच न्हाय म्हनून? गुरुजी, तुमी तर गनित शिकवलंत." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

रविवारी जोळ बसली. नकाराचं पत्र लिहून तयार होतं, माझ्याच अक्षरात. अंबाजी उभा राहिला, काठी समोर आडवी ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. खांब बसलाय. खूण खोटी झालीय. मी तुम्हाला चुकीचं सांगत आलो. पायरीवरून धर्माजीचा दीड हात धरला तर माथा इंजिनिअर सांगतो तिथेच येतो, चार बोटांचा फरक. बांध उंच लागतो.

 मग रावजी, ज्याची जमीन गावात सगळ्यात जास्त, तो कडाडला. "काल पुरत होता, आज पुरत न्हाय? अंबा, त्या पोराने तुज्या डोक्यात भरवलं. नळीबिळीचा काय भरवसा!" चार-पाच जण त्याच्या बाजूने ओरडायला लागले. मी साक्ष द्यायला उठलो, तर म्हणाले, मास्तर अंबाजीचा दोस्त. गोष्ट हातातून जातेय असं वाटत होतं.

तेव्हा सत्यवती उठली. देऊळ झाडायचं काम तिचं, वीस वर्षांपासून रोज पायऱ्या तीच धुते. जिचं सगळ्यात जास्त जाणार होतं ती म्हणाली, "नळी खोटी न्हाय. उधानाच्या दिसाला मी देवलात असते. पानी पाचव्या पायरीच्या वर मी कंदी बगितलं न्हाय. मना वाटायचं, देवी थांबवते." मग पुढे म्हणाली, "उघाडीवर पानी खुनेला शिवलं असं दादा सांगायचा, त्याच दिसाला इथं चौथी पायरी कोरडी असायची. मी कंदी बोलले न्हाय. मना कुनी इचारलं बी न्हाय."

 रावजी धुसफुसत म्हणाला, "ठीक हाय. मंग सहा हात सगल्यांचेच जानार. येकट्या कुनी रडायचं काम न्हाय."

"सहा हात, कशापासून?" अंबाजी म्हणाला. काठी जमिनीवरच होती, पण आवाज जुना होता. "तुज्या दोनशे हातांतून सहा नि हिच्या वीस हातांतून सहा, हे सारकं झालं? मातीचे दीस आपन जमिनीच्या मानानं वाटतो. मंग तूट बी तशीच वाटा. बांधाकाठचे आन आतले, सगल्यांच्या शेतांचे बांध सरकवा."

दोन तास आरडाओरडा झाला. पहिला हात मी वर केला. औदार्याने नव्हे, लाजेने. शेवटी त्रेसष्टपैकी एक्केचाळीस हात वर आले. शेतांचे बांध सरकवल्यावर सत्यवतीचे सहाऐवजी दोन हात गेले आणि आतल्यांचे कुणाचे वीत, कुणाचे हात. मी माझं पत्र फाडलं.

लोक उठता उठता सत्यवती अंबाजीपाशी गेली. मला वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, "दादा, काठी आता देवलात ठेव. आमी तुज्या काठीकडं बगून निजत होतो." तिने रागाने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. अंबाजीने काठी उचलून गाभाऱ्याच्या कोपऱ्यात उभी केली आणि घरी गेला.

काम फाल्गुनात सुरू झालं आणि ज्येष्ठाच्या आत आमच्या बाजूचा भराव पुरा झाला. सुजितने चौथ्या पायरीत पितळेची एक खुंटी बसवली आणि सगळी मापं तिच्यापासून घेतली. जुना खांब यंत्राने उपटला, आणि नव्या उघाडीच्या भिंतीवर जुन्या खुणेच्या पातळीला त्याने लाल पट्टा मारला. दरवाजाची राखण अंबाजीच करायचा, ते काम दुसरं कुणी करायला तयार नव्हतं. पण तो शब्द बंद झाला. मी मुद्दाम म्हणायचो, "आज फार उकडतंय बुवा." तो म्हणायचा, "व्हय." मृणाली रविवारी आली की म्हणायची, "काका, बाबा काही विचारतच नाहीत." ज्याच्यावर मी चाळीस वर्षं चिडलो, तो प्रश्न ऐकू येईना आणि मला करमेना. काठी तशीच देवळात. न्यायला कुणी पुढे आलं नाही.

नारळी पौर्णिमेला दुपारची भरती होती आणि वाराही होता. सगळं गाव पायऱ्यांवर. उघाडीकडून पोरांनी येऊन सांगितलं, पाणी लाल पट्ट्याच्या वीतभर वर गेलंय. जुना बांध असता तर टिकला असता का, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण रावजी एकदा बांधाकडे आणि एकदा पाण्याकडे बघत उभा होता.

सत्यवतीने चौथ्या पायरीवर नारळ ठेवला. मग ती आत गेली आणि काठी घेऊन आली. पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि सगळ्यांदेखत अंबाजीसमोर धरली. तो हात पुढे करीना.

"घे," ती म्हणाली. "पर आदी सांग. मोजशील कशापासून?"

अंबाजीने पितळेच्या खुंटीकडे बघितलं. "पायरीपासून."

"नि पायरी?"

"दर साली टेकडीच्या माथ्यावरच्या खडकावरनं तपासीन. नि तू मना इचारत ऱ्हा. मी न्हाय सांगितलं तरी इचारत ऱ्हा."

तिने काठी त्याच्या हातात दिली. लोक नारळ फोडायच्या गडबडीत लागले. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "अंबाजी, आज पाणी बरंच वर आलं रे."

तो माझ्याकडे वळला. "कशापासून, गुरुजी?"

सहा महिन्यांनी ऐकला तो शब्द. मला इतकं बरं वाटलं की मी पायऱ्या उतरून खाली गेलो, ओणवा होऊन हाताने मोजलं आणि त्याला सांगितलं, चौथ्या पायरीपासून सहा बोटं खाली.